सिकलसखी या शब्दाचा विग्रह

गोंदिया
९ जानेवारी २०२५

अल्का,

सप्रेम जयभीम. खुशाली नंतर विचारतो. आधी तक्रार, आणि ती गंभीर आहे. तुझ्या कामठ्याच्या संस्थेनं गेल्या महिन्यात आपल्या सामायिक संकेतस्थळावर जेवढे फोटो टाकले, त्या सगळ्यांवर 'महीला' अशी खूण मारली आहे. दुसरी वेलांटी. बाकीच्या संस्था 'महिला' लिहितात. यंत्राला वेलांटी कळते, माया कळत नाही. त्यामुळे आजमितीला गोंदिया जिल्ह्यात दोन जातींच्या स्त्रिया नांदत आहेत, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ, आणि एकीला शोधणाऱ्याला दुसरी दिसत नाही. शिलाई मशीनच्या योजनेचं परिपत्रक ऱ्हस्व महिलांकडे पडून आहे आणि मशीन मागणाऱ्या बाया दीर्घ आहेत. याची जबाबदारी कोण घेणार?

तू म्हणशील, दादाला दुसरं काम नाही. खरंच नाही. शाळेतला संस्कृतचा वर्ग बंद पडल्यापासून माझा उदरनिर्वाह या खुणांवर आहे. अकरा बारक्या संस्था, कुणाकडे धड एक कारकून नाही. म्हणून सगळ्यांनी आपले फोटो, अहवाल, सरकारी कागद एका जागी ठेवायचे आणि ज्याला जी खूण सुचेल ती त्यानं कुणाच्याही कागदावर मारायची, म्हणजे एकाचं दुसऱ्याला सापडेल. तुम्ही 'टॅग मार' म्हणता, तेव्हा गुरांच्या कानातला बिल्ला आठवतो. मी खूणच म्हणणार. एकानं मारलेली खूण दुसऱ्यानं पुसायची नाही, हा नियम मी लिहिला, कारण पहिल्याच आठवड्यात दोन संस्था एकमेकींच्या खुणा पुसत बसल्या होत्या.

आणि खुणेत मोकळी जागा चालत नाही. दोन शब्द असले तर जोडून लिहावे लागतात. या अटीला सगळा जिल्हा वैतागला, मी तेवढा सुखावलो. आयुष्यभर नववीच्या पोरांना समास शिकवला, पण समासावाचून ज्याचं अडलंय असा माणूस इथेच पहिल्यांदा भेटला. तुझी खुशबू आणि तिच्यासारख्या मुली बिरसीच्या शिबिरात सिकलसेलच्या पेशंटांजवळ बसतात, त्यांना दवाखान्यात नेतात, गोळ्यांची आठवण द्यायला घरी जातात. त्यांच्यासाठी मी खूण पाडली आहे: सिकलसखी. सिकलग्रस्तांची सखी. मधलं पद गळतं, म्हणून मध्यमपदलोपी. शब्द कानाला कसा लागतो सांग.

तिरोड्याचे पाहुणे खुशबूला पाहून गेल्याचं कळलं, तेही तिसऱ्याकडून. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू 'हो दादा, हो दादा' करत भाजी चिरतेस हे मला ऐकू येतं. कागद तरी दोन्ही हातांनी धरावा लागतो.

तुझा
संघदीपदादा


कामठा
२० जानेवारी २०२५

दादा,

जयभीम. तुझी तक्रार बैठकीत वाचून दाखवली. मंदाबाई म्हणाल्या, "सरले सांगा, आमच्या बाया उंच हायेत, आमाले मोठीच वेलांटी पाहिजे." ठराव पास झाला. आता काय करशील?

खुशबूला तुझा शब्द लई आवडला. तिनं स्वतःच तो आपल्या फोटोवर मारला. बिरसीच्या शिबिरातला फोटो आहे, ती आणि रुचिका बाजूबाजूला बसल्या आहेत तो. रुचिका म्हणजे आपल्या रुख्माची पोरगी, तिला लहानपणापासून सिकल आहे. खुशबू तिला दर महिन्याला गोंदियाला नेते, तुला माहीतच आहे.

तिरोड्याचं जमलं. मुलाचं नाव प्रफुल्ल, पतसंस्थेत नोकरीला आहे, आईचं नाव पुष्पाबाई. साक्षगंध पंधरा फेब्रुवारीला धरला आहे. मुलाचे मामा हिरालाल वधूवर परिचय मंडळाचे सचिव आहेत. ते म्हणत होते, त्यांचं मंडळपण आता तुमच्या साइटवर आलं. चांगलं झालं, आपलेच लोक. पोरगी प्रफुल्लशी फोनवर बोलून राहते आणि मी चुलीजवळ गेली की आवाज कमी करते. मी मुद्दाम भांडी वाजवते, तिला वाटू दे मी ऐकत नाही.

हिचे बाबा असते तर आता मांडववाल्याशी भांडत असते. तेवढं काम तुझ्याकडे. मामा म्हणून पहिल्या रांगेत बसशील, समास घरी ठेवून येशील.

अल्का


गोंदिया
२ फेब्रुवारी २०२५

अल्का,

जयभीम. उंचीचा ठराव मिळाला. 'महीला' ही स्वतंत्र खूण म्हणून मी मान्य करतो आणि मरणोत्तर पाणिनीची क्षमा मागतो.

मांडववाल्याशी भांडण्याचा मला सराव नाही, पण चढ्या आवाजात धातुरूपावली म्हणता येते; तो घाबरेल. निमंत्रणाची वाट न पाहता येतो. तुझ्या रेणूवहिनीनं साडी काढून ठेवली आहे. आमच्या हिमांशूला सुट्टी मिळाली तर तोही येईल.

तुझे हिरालालजी परवा कार्यालयात आले होते. भला माणूस. मंडळाची माहिती कशी चढवायची ते विचारायला आले, आणि त्यांनी मला पहिलाच प्रश्न असा विचारला की माझा ऊर भरून आला: "सर, गावाचं नाव टाकलं तर गावातली पोरंपोरी दिसतीन का?" वर्षभर मी लोकांना हेच समजावतोय. मी म्हटलं, दिसतील, आणि 'कामठा' टाकून दाखवलं. मग म्हटलं, आता 'सिकलसखी' टाका, आमची भाची दिसेल. फोटो त्यांनी मोठा करून पाहिला. आपल्या मोबाईलवर घेतलाही. कौतुकानं असणार. गडी अबोल आहे, फारसं बोलला नाही.

साक्षगंधाला गोडात काय आहे ते आधी कळव, त्यावर दुपारचं जेवण अवलंबून आहे.

दादा


कामठा
१ मार्च २०२५

दादा,

फोनवर मी तुला "साक्षगंध पुढे ढकललं" म्हणाली. खोटं बोलली. मोडलं आहे.

अकरा तारखेला हिरालाल आणि पुष्पाबाई आले. मी पोहे टाकायला उठली, तर पुष्पाबाई म्हणाल्या, "राहू द्या बाई, बसा." चहाला कोणी हात लावला नाही. हिरालालनं मोबाईल काढून माझ्यासमोर धरला.

"हे तुमचीच पोरगी ना?"

मी म्हटलं, हो.

"मंग आमाले सांगतलं काऊन नाही? पोरगीले सिकल हाये. पूरी दुनियाले मालूम, आमालेच छुपाके ठेवलं."

मला आधी समजलंच नाही काय बोलून राहिले ते. खुशबू आतून आली. शांत होती. म्हणाली, "काका, मी तिथं काम करते. पेशंटांच्या सोबतीला असते म्हणून तसं लिहिलं." पुष्पाबाई म्हणाल्या, "मंग पेशंटाच्या नावानं लिवावं. तुह्या फोटोवर काऊन लिवलं?"

मग म्हणाल्या, तपासणीचं कार्ड दाखव. खुशबूनं आजवर हजार लोकांच्या बोटाला सुई टोचताना पाहिली, स्वतःची केलीच नव्हती. तरी ती म्हणाली, "करून घेते, दाखवते. प्रफुल्लचंही आणा. आम्ही गावोगाव हेच सांगतो, हा रक्ताचा आजार आईबाप दोघांकडून लेकरात येतो, म्हणून लग्नाच्या आधी दोघांचं पाहा."

पुष्पाबाई उठूनच उभ्या झाल्या. "पोराचं कायले? पोरगं धडधाकट हाये."

एवढ्यावर संपलं. जाताना हिरालाल दारात थांबले आणि म्हणाले, "आमी आपल्या मनानं नाही पाहिलं बाई. सरनंच दाखवलं."

तुझं दोन तारखेचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. कौतुकानं फोटो घेतला असं लिहिलं आहेस.

गावात आता मला विचारत नाहीत, रुख्माला विचारतात, "खुशबूलेही तेच हाये का?" प्रफुल्लचा फोन येत नाही. पोरगी शिबिराला जाते, येते, जेवते. भांडी वाजवायचं काम राहिलं नाही.

तो शब्द तिथून काढ.

अल्का


गोंदिया
१२ मार्च २०२५

अल्का,

दाखवला मीच. त्यात सुधारणा करण्यासारखं काही नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तिरोड्याला गेलो. हिरालालजींच्या ओसरीवर बसून अर्धा तास विग्रह केला. म्हटलं, सिकलग्रस्तांची सखी, 'ग्रस्तांची' हे पद गळालं आहे, मुलगी निरोगी आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, आमाले समास नाही येत. पण तुमी म्हणता मधातला शब्द गळला. मंग 'सिकल असलेली सखी' असंही होते ना? त्यातलाही मधातलाच शब्द गळला."

होतं, अल्का. व्याकरणानं त्यांचाही विग्रह बरोबर आहे. नववीच्या वर्गात एखाद्या पोरानं हे उत्तर दिलं असतं तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते. मी शब्द घडवताना जे पद गाळलं ते नेमकं पेशंटांचं होतं. ती जागा रिकामी राहिली आणि खुशबूला तिथं बसवायला कुणाला फार कष्ट पडले नाहीत. मामाकडे आलेला प्रफुल्ल आत होता, असं हिरालालजीच म्हणाले. त्याच्या चपला दारात दिसत होत्या. बाहेर आला नाही.

परत येऊन शब्द काढायला बसलो, तर खुशबूच्या फोटोवर आणखी एक खूण दिसली. वधूवर मंडळानं मारलेली: 'तपासणीबाकी'. मोकळी जागा न सोडता, जोडून. एकही वेलांटी चुकलेली नाही. इतक्या दिवसांत माझे नियम तंतोतंत पाळलेली ही पहिलीच खूण. उघडून पाहिली तर तिच्याखाली आणखी मुली आहेत, वेगवेगळ्या गावांच्या. बचतगटाच्या सहलीतले, धानाच्या रोवणीतले, आंबेडकर जयंतीतले फोटो. त्या संस्थांनी टाकले एका कारणासाठी, मंडळानं खूण मारली दुसऱ्या.

'सिकलसखी' माझा शब्द आणि मारलेला आपल्याच खुशबूनं, म्हणून तो मी काढला. दुसरी खूण मला काढता येत नाही, कारण तसा नियम आहे आणि तो कुणी लिहिला ते तुला ठाऊक आहे. पुढच्या सभेत विषय मांडतो.

तोवर एक उपाय सुचतो. फोटोखाली ठळक खुलासा टाकू: "छायाचित्रातील कु. खुशबू ही कार्यकर्ती असून सिकलसेलची रुग्ण नव्हे." खुशबूनं तपासणी करून घेतली असेल तर तिचा रिपोर्टही सोबत लावू, म्हणजे कुणाला तोंड उरणार नाही. तिला विचारून कळव. 'कु.' काढायचा असेल तर तोही काढू, तो मलाही कधी आवडला नाही.

दादा


कामठा
२० मार्च २०२५

मामा,

जयभीम. आईनं तुमचं पत्र मला वाचायला दिलं. उत्तर मीच लिहून राहिले.

खुलासा टाकू नका.

मामा, त्या फोटोत माझ्या बाजूला रुचिका आहे. खुलाशात तुम्ही लिहाल, ही रुग्ण नव्हे. मग बाजूची कोण, ते सगळ्यांना कळेल. आणि कळलं नाही तरी रुचिका ते वाचेल. ती साइट रोज पाहते, तिचे फोटो पण असतात त्यात. मी तिला दवाखान्याच्या रांगेत चार वर्षांपासून सांगते, यात लाजायचं काही नाही. आता माझ्या अंगावर आलं तर मी 'नव्हे, नव्हे' म्हणत जिल्हाभर सांगत फिरू? तिनं मला विचारलंच होतं, "दीदी, तुले लोक माह्यासारखी समजले, तर तुले राग आला का?" मी नाही म्हटलं. खोटं होतं. राग आला होता. त्याचीच मला लाज वाटली, लग्न मोडल्याची एवढी नाही वाटली.

माझी तपासणी मी करून घेतली. रिपोर्ट आला आहे. काय आला ते मी कोणाला सांगणार नाही, आईलाही नाही. ज्याला माझ्याशी लग्न करायचं आहे त्यानं आपला रिपोर्ट घेऊन यावं, मी माझा काढते. दोन्ही एका वेळी टेबलावर ठेवायचे. आधी माझाच का?

प्रफुल्लचा एक मेसेज आला होता. "घरचे ऐकत नाहीत." मी विचारलं, तू काय म्हणतोस? तेव्हापासून काही आलं नाही.

तुमचा शब्द वाईट नव्हता, मामा. मला अजून आवडतो. पण परत लावू नका.

खुशबू

दादा, खाली मी लिहून राहिली, तिला दाखवणार नाही. रिपोर्ट ती पेटीत ठेवते, पेटीला कुलूप लावते. मी चावी शोधली नाही, एवढंच सांगते. ती तुझ्यासमोर मोठी मोठी बोलते, पण दोन स्थळं आली होती ती उंबऱ्यातूनच परत गेली. तू विग्रह करत फिरतोस, ठीक आहे. तुझा शब्द निर्मळ, पोरगी निर्मळ, तर तुझ्या हिमांशूसाठी घेऊन जा तिला. दोघं लहानपणापासून एकमेकांना ओळखतात. मामेभावाशी लग्न आपल्यात चालते. हो की नाही तेवढं लिही. मध्ये संस्कृत नको.

अल्का


गोंदिया
२७ एप्रिल २०२५

अल्का,

महिना उलटून गेला. तीन वेळा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा पत्र विनोदी झालं. ती पाठवली नाहीत.

आधी सभेचं सांगतो, कारण ते सोपं आहे. मी म्हटलं, 'तपासणीबाकी' ही खूण काढा, मुलींच्या परवानगीवाचून मारली आहे. हिरालालजी म्हणाले, खूण खोटी नाही, तपासणी बाकीच आहे. एक जण म्हणाला, उलट हे सामाजिक काम आहे, लग्नाआधी तपासणी व्हावी असं आपणच म्हणतो ना? मी म्हटलं, मग त्यात एखादा मुलगा का नाही? तर म्हणे, मुलांचे फोटो कोण टाकतं, सगळे कार्यक्रम बायांचेच असतात. हसले सगळे. शेवटी माझाच नियम मला वाचून दाखवला. खूण राहिली. आता आणखी दोन संस्था ती वापरतात, उपयोगी पडते म्हणून. मी राजीनामा दिला. त्यांनी नवा माणूस शोधेपर्यंत थांबायला सांगितलं आणि मी थांबलो आहे. घरी बसून करणार काय?

आता तुझ्या ओळी.

त्या मी रेणूला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "पोरगी सोन्यासारखी आहे, आपण नाही कशाला म्हणू? फक्त रिपोर्ट एकदा पाहून घ्या." मी होकारार्थी मान हलवली. लगेच हलवली. पुष्पाबाईंना जे बोलायला तुझ्या घरी यावं लागलं, ते आमच्याकडे ताटावर बसल्या बसल्या झालं. हिमांशू समोर होता. खुशबूचं पत्र त्याला वाचायला दिलं. वाचून म्हणाला, "बरोबर आहे तिचं. चला, मी उद्या करून येतो."

मी म्हटलं, उद्या नको.

परवा पुन्हा म्हणाला. मी म्हटलं, ऊन फार आहे. पंचवीस वर्षांचा मुलगा, कार्यालयापासून दवाखाना दोन गल्ल्यांवर. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नंतर विचारलं नाही.

तू हो की नाही विचारलं आहेस. खुशबूचा रिपोर्ट काहीही असो, माझ्याकडून हो आहे. हे मी मनापासून लिहितो, आणि तरी हे खरं उत्तर नव्हे, हेही मला कळतं.

हिमांशू लहान असताना दर थंडीत त्याचे हातपाय दुखायचे. रात्रभर रडायचा. वाढीचं दुखणं म्हणून आम्ही तेल चोळायचो. रेणूचा भाऊ सुखराम विशीत गेला, तोही असाच सांधे धरून कण्हायचा. घरचे वात म्हणायचे. या आजारावरचे जेवढे कागद जिल्ह्यात आहेत ते सगळे माझ्या हाताखालून गेले आहेत. लक्षणं काय, घराण्यात कसा येतो, मला पाठ आहे. आमच्या वॉर्डात शिबिर लागलं तेव्हा मी त्याला बालाघाटला कामाला पाठवलं. दुसऱ्यांदा लागलं तेव्हाही.

मला भीती वाटते, अल्का. माझ्या पोराला असेल असं वाटतं, आणि मला ते कळायला नको आहे.

संघदीप